सराफ्याचा ओटा

सुट्टी म्हणजे गावी जाणे, असा अर्थ मराठी मध्यमवर्गात पुष्कळ काळ रूढ होता. मे महिन्यात ट्रंका भरावयाच्या, फिरकीच्या तांब्यात पाणी घ्यावयाचे आणि महिनाभर आजोळच्या ओसरीवर लोळावयाचे, असा तिचा थाट असे. शनिवार-रविवारची जोडून सुट्टी ही त्या मानाने अलीकडची गोष्ट. केंद्र सरकारच्या कचेऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा १९८५ साली मिळाला. महाराष्ट्र शासनाच्या नोकरवर्गाला तो मिळावयास २०२० साल उजाडावे लागले. दोन दिवसांत आजोळ होत नाही. मग शुक्रवारी संध्याकाळी एखादी पिशवी खांद्याला लावून माणूस परक्या शहराची वाट धरतो. तेथे तो काही चांगलेचुंगले खातो, थोडीबहुत खरेदी करतो, एक रात्र जागवतो आणि सोमवारी पुन्हा आपल्या मेजाशी येऊन बसतो.

दोन दिवसांच्या पाहुण्याला कोणतेही शहर आपल्या माजघरात नेत नाही. त्याला जे दिसते ते ओट्यावरचे. तेव्हा ज्या शहराचा ओटाच प्रशस्त, ते शहर अशा पाहुण्याने निवडावे. इंदूर हे असे एक शहर आहे. मुंबईहून अवंतिका एक्स्प्रेसमध्ये संध्याकाळी बसलेला प्रवासी दुसऱ्या दिवशी सकाळी तेथे पोचतो, आणि स्थानकाबाहेर पडताच प्रथम काय घडते, तर त्याच्या हाती पोह्यांची पुडी येते.

पोहे हा पदार्थ मराठी माणसाला नवा नाही; परंतु इंदुरात तो भेटतो तो सासरी रुळलेल्या मुलीसारखा. चेहरा ओळखीचा, पण बोली पालटलेली. उकळत्या पाण्याच्या भांड्यावर ठेवलेल्या परातीत हे पोहे वाफेवर ऊन राहतात. त्यांत बडीशेप असते. ओल्या खोबऱ्याच्या जागी वर मूठभर शेव पडते, कांदा पडतो आणि जीरावन नावाचा आंबट-तिखट मसाला भुरभुरला जातो. सोबतीला जिलेबी हवीच. गोड आणि तिखट यांचे हे सकाळचे सख्य नवख्याला चमत्कारिक वाटते. दुसऱ्या दिवशी मात्र तोच आपण होऊन जिलेबी मागून घेतो.

पालटलेल्या बोलीमागे अडीचशेहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. अठराव्या शतकात मल्हारराव होळकरांच्या मागोमाग दक्षिणेतून माळव्यात माणसे आली. शिलेदार आले, कारकून आले, भिक्षुक आले, आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या चुलीही आल्या. अहिल्याबाईंनी कारभार केला तो नर्मदातीरी महेश्वरहून. १८१८ सालच्या मंदसोरच्या तहानंतर होळकरांची राजधानी इंदुरास आली. राज्य १९४८ साली मध्य भारतात विलीन झाले, पण मराठी चूल विझली नाही. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन या शहरात १९१७, १९३५ आणि २००१ असे तीनदा भरले. लता मंगेशकरांचा जन्म १९२९ साली येथलाच. तथापि या शहराचे मराठीपण पाहावयास सभागृहात जाण्याची गरज नाही. ते रस्त्यावरच्या कढईत दिसते.

राजवाडा हा या शहराचा मध्य. सात मजल्यांचे ते उंच प्रवेशद्वार, खालचे तीन मजले दगडी आणि वरचे लाकडी. या वास्तूने आग अनेकदा सोसली. १८०१ साली शिंद्यांच्या फौजेने शहर लुटले तेव्हा ती जळाली, आणि १९८४ च्या दंगलीतही तिची मोठी हानी झाली. पुढे मागील भाग जुन्या धर्तीवर पुन्हा बांधण्यात आला. लाकूड, दाटी आणि आग यांचे नाते या परिसराला चांगले ठाऊक आहे. ही गोष्ट पुढे उपयोगी पडणार आहे.

राजवाड्याभोवती बाजारांचे जाळे आहे. कापडासाठी महाराजा तुकोजीरावांच्या नावाची पेठ, भांड्यांसाठी बर्तन बाजार, वस्त्रांसाठी सीतलामाता बाजार. दोन दिवसांच्या पाहुणीने येथून काही न्यावयाचे तर ते महेश्वरी लुगडे. रेशीम आणि सूत यांच्या मिश्रणामुळे ते अंगावर हलके बसते. काठ असा विणलेला असतो की लुगडे दोन्ही बाजूंनी नेसता यावे. आणि काठावरची चटई, वीट, हिरा ही नक्षी महेश्वरच्या किल्ल्याच्या दगडी कोरीवकामाशी नाते सांगते. विणकरांना महेश्वरी आश्रय देण्याचे श्रेय परंपरेने अहिल्याबाईंकडे जाते. विसाव्या शतकात हे माग जवळजवळ थंडावले होते; १९७० नंतरच्या दशकाअखेर होळकर घराण्यातील मंडळींच्या पुढाकाराने ‘रेहवा’ संस्था उभी राहिली आणि माग पुन्हा खडखडू लागले. दुकानात घासाघीस करताना गिऱ्हाइकाने एवढे ध्यानी ठेवले, तर किमतीतील रुपये थोडे निराळे दिसू लागतात.

खरेदी आटोपते, दिवस कलतो, आणि या सहलीचा खरा अंक सुरू होतो.

राजवाड्यापासून चालत थोड्याच अंतरावर सराफा बाजार आहे. दिवसा तेथे सोन्याचांदीचा व्यवहार. पांढऱ्या गाद्या, तराजू, काचेच्या पेट्या, हलक्या आवाजातील बोलणी. रात्री आठ-नऊच्या सुमारास एकेका दुकानाचे दार खाली येते, कुलुपे लागतात, आणि ज्या ओट्यांवर दिवसभर सोन्याच्या गिऱ्हाइकांचे जोडे होते, त्यांच्यापुढे कढया, तवे आणि पराती मांडल्या जातात. अर्ध्या-पाऊण तासात रस्त्याचा धर्मच पालटतो. गुंजेच्या हिशेबाची जागा मूठ आणि पळी घेतात.

येथला साबूदाणा पाहावा. महाराष्ट्रात तो एकादशीच्या दिवशी कढईत परतला जातो. सराफ्यात तो वाफेवर मऊ केलेला असतो आणि मोठ्या पातेल्यात मसाला, लिंबू, कोथिंबीर, बटाट्याचा फराळी चिवडा घालून गिऱ्हाइकासमोर कालवला जातो. उपवासाचा पदार्थ येथे मध्यरात्रीचा विलास होऊन बसला आहे. शेजारी भुट्ट्याचा कीस शिजत असतो. मक्याचे कोवळे कणीस किसून तुपावर परतावयाचे, दुधात आटवावयाचे आणि वर मिरची-खोबरे घालावयाचे. बटाट्याच्या पोटात खोबरे भरलेले पॅटिस आहेत; हिवाळ्यात तळलेला गराडू हा कंद आहे; दह्यावड्याचा द्रोण हवेत उडवून न सांडता झेलणारा कलावंत आहे; तळहाताहून मोठा जलेबा आहे. शिकंजी मागावी तर लिंबाचे सरबत येत नाही, सुकामेवा घातलेले घट्ट आटीव दूध येते. “भिया, थोडा तीखा कम,” असे कोणी म्हणते, आणि भियाच्या हातातला मसाला अर्ध्या वाटेवरून परत जातो. ‘भैया’चे ‘भिया’ करणारी ही बोली या शहराची खास खूण आहे.

‘रात्रीचे जीवन’ म्हटले की मद्यशाळा आणि मंद दिवे डोळ्यांपुढे येतात. सराफ्यात दिवे लखलखीत असतात आणि गर्दी कुटुंबांची असते. बाराचा ठोका पडून गेला तरी आजी नातवाला मालपुवा भरवीत असते. वसतिगृहातील मुली घोळक्याने हिंडत असतात. एखादा थकलेला दुकानदार बंद दाराशी टेकून स्वतःच रबडी खात असतो. स्त्रिया आणि मुले अपरात्री निर्धास्तपणे रस्त्यावर असणे हे कोणत्याही शहराचे मोठे धन होय, आणि ते कोणत्याही तिजोरीत ठेवता येत नाही.

ही रीत पडली कशी? सराफ्यात असे सांगतात की, रात्री रस्ता जागता राहिला तर दुकाने सुरक्षित राहतात, म्हणून सराफांनीच खाद्यवाल्यांना ओटे दिले. सोने ज्याचे त्याला झोप मिळाली. ज्याच्यापाशी जागा नव्हती त्याला जागा मिळाली. एकाच ओट्यावर दोन संसार, आणि मध्ये केवळ घड्याळाचा काटा.

परंतु असा शब्दाचा करार दोन्ही पक्षांनी जपावा लागतो. अलीकडच्या वर्षांत गर्दी वाढली, ठेले वाढले. मोमो आणि नूडल्स यांनी कीस-गराडूच्या शेजारी जागा धरली. अरुंद गल्लीत स्वयंपाकाच्या वायूच्या टाक्या एकमेकींना खेटून उभ्या राहू लागल्या. चौपाटी अन्यत्र न्यावी, असे सराफांपैकी अनेक जण म्हणू लागले. प्रश्न महानगरपालिकेच्या दारी गेला. राजवाड्याची जळित आठवणाऱ्या शहरात ही भीती पोकळ म्हणता येणार नाही. उलट, ज्याच्या वडिलांनी आणि आजोबांनी त्याच ओट्यापुढे कढई तापवली, त्याला दूरच्या मैदानात पाठविले तर कढई जाईल, पण सराफा जाणार नाही. मैदानात पदार्थ मिळतील. ओटा मिळणार नाही.

यात पाहुण्याचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध आहे. गर्दी ही पाहुण्यांचीच झालेली असते. ठेलेवाला तेच तळतो, जे पाहुणा मागतो. सर्वत्र मिळणारी वस्तू त्याने येथेही मागितली, तर भुट्ट्याचा कीस मागे सरतो आणि अरुंद गल्लीत आणखी एक शेगडी वाढते. द्रोण कोठे टाकावा हे तर इंदुरात शिकवावेही लागत नाही. केंद्र सरकारच्या स्वच्छता सर्वेक्षणात २०१७ पासून २०२३ पर्यंत सलग सात वेळा हे शहर पहिले आले. सातव्या वेळी सुरतेच्या जोडीने. त्यामागे ओला आणि सुका कचरा घरीच वेगळा करण्याची सवय आहे, दारोदार फिरणाऱ्या गाड्या आहेत आणि रात्रभर झाडू चालविणारे हात आहेत.

ते हात सराफ्यात पहाटेपूर्वी येतात. दोनच्या सुमारास शेगड्या विझू लागतात, पराती उचलल्या जातात, रस्ता झाडला जातो. पाहुण्याला रविवारी कापडबाजारातली एखादी राहिलेली चक्कर मारावयाची असते, शेवेच्या पुड्या बांधून घ्यावयाच्या असतात, संध्याकाळची गाडी गाठावयाची असते. त्याच्या सुट्टीचा हिशेब तेथे संपतो. ओट्याचा संपत नाही. दुकाने पुन्हा उघडावयाच्या दिवशी सकाळी सराफ येतो, कुलूप काढतो, उंबऱ्यावर पाणी शिंपडतो आणि गादीवर बसतो. रात्रीच्या तुपाचा मंद वास अजून दारात रेंगाळत असतो. तो त्याला नवा नसतो.