आधी खरवडून पाहा, मग रंगवा



दिल्लीतली हुमायूनची कबर तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. मीरक मिर्झा गयास या वास्तुशिल्पीने १५६०च्या दशकात ती उभारायला घेतली. त्याच्या मृत्यूनंतर मुलाने काम पुरं केलं. पुढे दुरुस्तीच्या नावाखाली तिच्यावर थर चढत गेले. विसाव्या शतकात भिंतींना चुन्याऐवजी सिमेंटचा गिलावा लागला, छतावर काँक्रीट ओतलं गेलं.

हेतू वाईट नव्हता. पण चुना भिंतीतली ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती आत कोंडतं. मग क्षार फुटतात आणि दगडच झिजू लागतो.

२००७ ते २०१३ या काळात आगा खान ट्रस्टने पुरातत्त्व सर्वेक्षण आणि सर दोराबजी टाटा ट्रस्ट यांच्यासोबत हे सारं दुरुस्त केलं. छतावरचं सुमारे १० लाख किलो काँक्रीट काढलं. सिमेंट खरवडून पुन्हा चुन्याचा गिलावा केला. छत्र्यांवरच्या रंगीत फरश्या बनवायला उझबेकिस्तानातून उस्ताद आले आणि शेजारच्या निजामुद्दीन बस्तीतली पोरं ती कला शिकली. चकाकी गेलेल्या जुन्या फरश्या मात्र काढल्या नाहीत. जिथे फरशी उरलीच नव्हती तिथेच नवी बसवली. म्हणजे मूळ रूप परत आणणं आणि नवंकोरं करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता आपल्या मोहल्ल्याकडे या. चंदा जमतो आणि जुन्या मशिदीच्या लाकडी खांबांवर ऑइल पेंट चढतो, कोरीव कमानींवर चकचकीत टाइल्स बसतात, वर फॉल्स सीलिंग येतं. नियत नेक असते, पण कारागिराची खूण कायमची पुसली जाते. पाठ्यपुस्तकातून आपला इतिहास कुणी गाळला की आपण निषेध करतो, आणि तो करायलाच हवा. मग आपल्याच हातांनी जो गाळतो त्याचं काय?

माझी विनंती साधी आहे. पुढच्या दुरुस्तीआधी इमारतीचे फोटो काढा. एका कोपऱ्यातला रंग खरवडून खाली काय आहे ते पाहा. जाणकार वास्तुविशारदाला आणि चुन्याचं काम येणाऱ्या जुन्या गवंड्याला बोलवा. जमातीच्या बैठकीत हिशेबासोबत हाही विषय ठेवा, आणि त्या बैठकीत बायकांनाही बसवा.

वारसा सांभाळायला दरवेळी सरकारच लागतं असं नाही. कधी कधी टाइल्सची ऑर्डर महिनाभर थांबवली तरी पुरतं.