मायबाप कौन्सिल



'मायबाप सरकार' हे शब्द आपल्याकडे अर्ज लिहिणारा सहज लिहून जातो. त्यात थोडी लाचारी असते, थोडी सवय असते. सरकार खरोखरच आपले आईबाप आहे असे लिहिणाऱ्यालाही वाटत नसते. आज आम्ही आपणांस अशा एका शहराची हकीकत सांगणार आहोत की, जेथे हे शब्द कायद्याने अक्षरशः खरे करून दाखवावे लागले. ते शहर लंडन. ज्यांना आईबाप नव्हते, किंवा असूनही पोसता येत नव्हते, अशा हजारो मुलांचे आईबापपण तेथील कौन्सिलने पत्करले. ते तिला कितपत निभावले, हा आजचा आपला विषय.

आरंभ कौन्सिलच्या आधीचा आहे. १८३४ साली इंग्लंडात गरिबांविषयी नवा कायदा झाला. ज्याला मदत हवी त्याने दरिद्रगृहात यावे, आणि ते इतके रुक्ष असावे की गरज असल्याशिवाय कोणी तिकडे फिरकू नये, असा त्याचा रोख होता. आईबापांबरोबर मुलेही तेथे गेली. पुढे मुले निराळी ठेवावीत असे ठरले, तेव्हा काही पालक मंडळांनी ती चक्क मक्त्याने दिली! टूटिंग येथे ड्रुए नावाच्या गृहस्थाकडे मुलामागे दर आठवड्यास ठराविक रक्कम देऊन सुमारे १४०० मुले ठेवली होती. १८४९ च्या जानेवारीत तेथे पटकी शिरली आणि सुमारे १८० मुले दगावली. डिकन्सने लेख लिहून या प्रकारावर कोरडे ओढले. ड्रुएवर खटला झाला, आणि तो निर्दोष सुटला.

मक्ता गेला आणि त्याच्या जागी प्रचंड शाळा आल्या. लोक त्यांना बराक-शाळा म्हणत. हॅनवेलची शाळा त्यांतलीच. १८९६ साली लॅम्बेथच्या दरिद्रगृहातून एक सात वर्षांचा मुलगा तेथे पोचला. डोक्यावर नायटा उठला म्हणून त्याचे केस भादरले, आयोडीन फासले आणि त्याला इतर मुलांपासून वेगळे ठेवले. हा मुलगा म्हणजे चार्ली चॅप्लिन. जगाला हसविणाऱ्या या माणसाने म्हातारपणी आत्मचरित्र लिहिले, तेव्हाही ती लाज त्याच्या मनातून गेलेली नव्हती. फॉरेस्ट गेट येथील अशाच एका शाळेत १८९० च्या पहिल्या दिवशी आग लागून २६ मुलगे मृत्युमुखी पडले. अखेरीस १८९६ साली सरकारी समितीने या बराकींविरुद्ध आपले मत दिले.

मग विचारवंतांनी म्हटले, बराक नको, घर हवे. गावाबाहेर मोकळ्या हवेत आवार घ्यावे, त्यात लहान लहान घरे बांधावीत, प्रत्येक घरात थोडी मुले आणि त्यांच्यावर एक गृहमाता असावी. क्रॉयडनजवळ शर्ली येथे बर्मंडसीच्या पालक मंडळाने विसाव्या शतकाच्या आरंभी असेच एक आवार वसविले. झाडे, हिरवळ, स्वतःची शाळा! बराकीच्या मानाने हे नंदनवनच म्हणावयाचे. १९३० साली पालक मंडळे मोडली आणि शर्लीसारखी सर्व आवारे लंडन काउंटी कौन्सिलकडे आली. मुलांचे मायबाप आता काउंटी कौन्सिल झाली.

परंतु घरे लहान झाली तरी प्रश्न सुटला नाही. १९४४ साली लेडी ॲलन या बाईंनी 'टाइम्स'ला पत्र लिहून अशा गृहांतील मुलांच्या भावशून्य जीवनाकडे देशाचे लक्ष वेधले. पुढच्याच वर्षी न्यूपोर्टच्या कौन्सिलने दूर श्रॉपशरमधील एका शेतकऱ्याकडे पाळावयास दिलेला डेनिस ओनील हा बारा वर्षांचा मुलगा मार आणि उपासमार यांनी मेला. देश हादरला. मायरा कर्टिस यांच्या समितीने १९४६ साली आपला अहवाल दिला. अन्नवस्त्रापेक्षाही मुलाकडे व्यक्ती म्हणून पाहणारी माया अनेक ठिकाणी नाही, हा त्यातला मुख्य सूर होता. १९४८ च्या कायद्याने प्रत्येक कौन्सिलला मुलांसाठी वेगळी समिती आणि वेगळा अधिकारी नेमणे भाग पडले. त्या अधिकाऱ्याने मुलांना जातीने ओळखावे, ही कर्टिसबाईंची अपेक्षा होती. ती थोर होती. पण लंडनसारख्या शहरात एका माणसाने हजारो मुले ओळखावयाची कशी?

येथे आम्ही आपणांस थोडे थांबावयास सांगतो. घरात मूल रात्री तापाने फणफणले तर ते आईला हाक मारते. कौन्सिलला हाक कशी मारावयाची? कौन्सिलचे सभासद निवडणुकीत बदलतात, अधिकारी बदली होऊन जातात, गृहमाता नोकरी सोडते. १९६५ साली तर लंडन काउंटी कौन्सिलच बरखास्त झाली आणि शर्लीचे आवार लॅम्बेथच्या कौन्सिलकडे गेले. १९७१ मध्ये मुलांचे स्वतंत्र खाते समाजसेवेच्या मोठ्या खात्यात विलीन झाले. कागदोपत्री मुलाचे पालक कोण, हे नेहमी स्पष्ट होते. मुलाच्या लेखी मात्र माणसे येत आणि जात.

या फटीतून काय शिरले ते फार उशिरा बाहेर आले. शर्लीचे गृह १९८३ साली बंद झाले. त्याची मुले मोठी झाली, संघटित झाली, बोलू लागली. २०२१ साली एका राष्ट्रीय चौकशीचा अहवाल आला. लॅम्बेथच्या तीन गृहांतील ७०५ माजी रहिवाशांनी आपल्यावर लैंगिक अत्याचार झाल्याची तक्रार केली होती, आणि चाळीस वर्षांत कौन्सिलने त्यापायी अवघ्या एका वरिष्ठ नोकरास शिक्षा केली होती. मुलांनी त्या वेळी कोणाला काहीच सांगितले नव्हते काय? काहींनी सांगितले होते; ऐकणाऱ्यांनी खरे मानले नाही.

शर्लीच्या आवारात मायेने मुले वाढविणाऱ्या बायाही होत्याच. त्यांच्या कष्टांवर बोळा फिरवावा असे आम्हांस वाटत नाही. आमचे म्हणणे एवढेच की, शंभर वर्षे सुधारकांनी भिंतींचा विचार केला. मक्ता नको, बराक. बराक नको, छोटे घर. प्रत्येक पाऊल पुढचेच होते. परंतु घर जितके लहान आणि एकांतात, तितके त्यात वाईट माणसाला लपावयास सोपे, हे कोणी ध्यानात घेतले नाही. बराकीत मूल गर्दीत हरवत होते. छोट्या घरात ते एका माणसाच्या मर्जीवर राहिले. दोन्हीकडे त्याला बाहेर दाद मागावयास दार नव्हते. ते दार कायद्याने करण्याचा मोठा प्रयत्न १९८९ साली झाला: मुलाविषयी निर्णय घेताना त्याची इच्छा विचारावी, त्याची तक्रार ऐकण्याची रीत असावी, आणि ज्याला भेटावयास कोणी येत नाही त्याला बाहेरचा भेटावयास येणारा माणूस द्यावा.

आपल्याकडे ही वाट निराळी आहे. पंढरपूरचा बालकाश्रम १८७५ साली प्रार्थनासमाजाच्या मंडळींनी काढला, नगरपालिकेने नव्हे. मुंबई इलाख्याचा मुलांविषयीचा कायदा १९२४ चा, आणि आज २०१५ च्या कायद्याने प्रत्येक बालगृहाची नोंदणी व तपासणी आवश्यक आहे. पण संस्था समाजाची असो की सरकारची, लंडनचा धडा दोघांनाही लागू आहे. तपासणीस गेलेला माणूस भांडारातली धान्याची पोती मोजतो, गाद्या पाहतो, शेरा लिहितो. त्याने एखाद्या मुलाला बाजूला घेऊन, त्याच्या नावाने हाक मारून, 'तुला येथे कोणाची भीती वाटते का?' असे विचारले पाहिजे. आणि ते मूल जे सांगेल ते खरे असू शकते, असे धरून उठले पाहिजे.

लॅम्बेथच्या त्या मुलांना हा प्रश्न वेळेवर कोणी विचारला असता, तर त्यांना तो पन्नाशी-साठीत स्वतःच जगाला विचारावा लागला नसता.