गडवा, विळा आणि आठवीचा वर्ग

आज कोडिंगचं काही नाही. सुट्टीत गावी, सडक अर्जुनीला गेलो होतो. तिथल्या एका शाळेत आठवीला ‘धातू’ शिकवायला बोलावलं. मी हौसेनं तीस स्लाइड बनवल्या. सातव्या स्लाइडला लाइट गेली, आणि खरं सांगतो, कुणालाच वाईट वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी म्हटलं, घरून धातूची एकेक वस्तू आणा. पितळी गडवे आले, ॲल्युमिनिअमचा छोटा गंज आला, विळा आला. एका गडव्याचं वजन 425 ग्रॅम. काठोकाठ भरलेल्या डब्यात बुडवून सांडलेलं पाणी मोजलं. पहिल्यांदा उपडा बुडवला, आत हवा अडकली, उत्तर चुकलं. मग आडवा केला. साधारण 50 मिली. भागाकार 8.5. गंजाचं उत्तर 2.7 च्या आसपास. झाला गणिताचा तास.

पितळ म्हणजे तांबं अधिक जस्त. पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेला भंडारा इथून जवळच, आणि 1 मे 1999 पर्यंत आपण त्याच जिल्ह्यात होतो. आता हा भूगोल की इतिहास, तुम्हीच ठरवा.

पण खरी मजा विळ्याची. तो आणणारा पोरगा मागच्या बाकावरचा, वडील लोहारकाम करतात. मी विचारलं, तापवलेलं पातं पाण्यात का बुडवतात? पुस्तकी उत्तर माझ्याकडे तयार होतं. तो हळूच म्हणाला, “सर, सगळं नाही बुडवत. फक्त धारेले पाणी पाजते. सगळं बुडवलं त विळा तुटते.”

बी.टेक. करून मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

मग खास त्याच्यासाठी नायकुंड सांगितलं. नागपूर जिल्ह्यात, पारशिवनीकडे. 1978 ते 80 च्या उत्खननात तिथं लोखंड बनवायची भट्टी सापडली, सुमारे 2700 वर्षांपूर्वीची. आता गंमत बघा, लोखंड वितळायला 1538 अंश लागतात. अशा जुन्या भट्ट्या तेवढ्या तापायच्याच नाहीत. मग लोखंड निघायचं कसं? वर्ग गप्प. मी म्हटलं, मळी वितळून वाहायची आणि लोखंडाचा स्पंजसारखा गोळा उरायचा. त्यातली राहिलेली मळी...

“घणानं ठोकून काढत असतीन,” तो म्हणाला. यावेळी मोठ्यानं.

शेवटी एकीनं विचारलं, “सर, हे परीक्षेत येते का?” नाही येत, आणि मला त्याचा रागच आला.

येत्या शनिवारी सगळे भाता बघायला त्याच्या घरी जाणार आहेत. वडिलांची एकच अट आहे, पोरं ठिणगीपासून दूर उभी राहतील.