उसना वर्ग

शाळेंतून घरीं आलेली मुलगी दप्तर खालीं ठेवतां ठेवतां आईला सांगते, ‘आज गणिताच्या तासाला आमच्या बाई नव्हत्या, बी. एड्. चे सर आले होते.’ आईच्या मनांत लागलीच दोन-तीन शंका उभ्या राहतात. बाई कोठें गेल्या? हे सर किती दिवस राहणार? अभ्यासाचा भाग मागें तर पडणार नाहीं? वडिलांना इतका विचार करावयास सवड नसते. ते जातां जातां एवढेंच म्हणतात कीं, शिकाऊ शिंप्याच्या हातीं कोणी चांगलें कापड देत नाहीं, मग मुलांचा सबंध वर्ग कसा देतात?

वडिलांचा हा टोमणा अगदींच अन्यायाचा नाहीं. पण त्यांनीं शिंप्याच्या दुकानांत घटकाभर बसून पाहिलें असतें, तर त्याचें उत्तरहि त्यांना तेथेंच मिळालें असतें. दुकानांतील उमेदवार आधीं काजें करतो, बटणें लावतो. मग सरळ शिवण त्याच्याकडे येते. आणि कात्री त्याच्या हातीं पडते ती सर्वांत शेवटीं. शिवाय त्याच्या हातून चूक झाली, तर भरपाई कोणी करावयाची, हें गिऱ्हाइकाला विचारीत बसावें लागत नाहीं. ती दुकानदाराची जबाबदारी. अध्यापक महाविद्यालयांतून शाळेंत येणाऱ्या छात्राध्यापकाच्या बाबतींत घोटाळा होतो तो नेमका येथें. त्याच्या हातीं वर्ग उसना दिलेला असतो. पण तो कोणी दिला, किती दिला आणि बिघडला तर जबाब कोणी द्यावयाचा, हें पुष्कळदां कोणींच नीटसें ठरविलेलें नसतें.

हा प्रश्न आजचा नव्हे. १८४६ सालीं इंग्लंडांत के-शटलवर्थ यांच्या योजनेनें विद्यार्थी-शिक्षक नेमण्याची पद्धत सुरू झाली. १३ वर्षें पुरीं झालेलीं मुलें-मुली पांच वर्षांच्या करारानें एखाद्या शाळेच्या मुख्याध्यापकाच्या हाताखालीं उमेदवारी करीत. दिवसा तीं वर्गाला शिकवीत. आणि शाळेची वेळ सोडून आठवड्याचे पांच दिवस, रोज दीड तास, मुख्याध्यापकानें त्यांना स्वतः शिकवावें असा नियम होता. या कामाबद्दल त्याला एका उमेदवारामागें वर्षाला ५ पौंड व दोघांमागें ९ पौंड सरकारांतून मिळत, आणि उमेदवारांची परीक्षा दर वर्षीं सरकारी निरीक्षक घेई. या पद्धतींत दोष पुष्कळ होते. तेरा वर्षांच्या पोरानें दहा वर्षांच्या पोरांना शिकवावें, यांत दोघांचीहि ओढाताण होई; आणि स्वस्तांत मिळालेला मदतनीस म्हणून त्याला राबविण्याचा मोहहि शाळांना सुटे. परंतु एक गोष्ट त्या योजनेंत स्वच्छ होती. शिकविणाऱ्याला घडविण्याचें काम कोणाचें, त्यासाठीं वेळ किती आणि मोबदला काय, हें सारें कागदावर होतें. १८६२ च्या सुधारित नियमावलीनें हे थेट मोबदले बंद केले, आणि पुढील कांहीं वर्षांत उमेदवारांची संख्या बरीच घटली.

आपल्याकडे राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांनीं बी. एड्. चा अभ्यासक्रम दोन वर्षांचा केला आणि शाळेंतील प्रत्यक्ष अनुभवासाठीं निदान २० आठवडे राखून ठेविले; ४ पहिल्या वर्षीं आणि १६ दुसऱ्या वर्षीं. आरंभींचा एक आठवडा नेहमींच्या शिक्षकाचा वर्ग नुसता पाहण्यांत घालवावा, असेंहि त्यांत सांगितलें आहे. महाराष्ट्रांत या काळाला आंतरवासिता किंवा छात्रसेवाकाल अशीं नांवें आहेत. पहिल्या शब्दांत वास आहे, म्हणजे राहणें आहे, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. ठरलेले पाठ घेऊन सह्या गोळा करणें वेगळें आणि शाळेंत राहणें वेगळें. नियमानें आठवडे वाढविले. पण त्या आठवड्यांत कोणी कोणासाठीं काय करावयाचें, हें शेवटीं शाळेच्या चार भिंतींच्या आंतच ठरतें.

एक साधा प्रसंग घ्यावा. सहावीचा वर्ग, विषय अपूर्णांकांची बेरीज. छात्राध्यापकानें रात्रीं जागून टाचण तयार केलें आहे. उद्दिष्टें, प्रस्तावना, विषयविवेचन, उपयोजन, स्वाध्याय, सारें ओळीनें. रंगीत खडूनें फळ्यावर भाकरीचीं चित्रें काढलीं आहेत. तो विचारतो, एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश किती? मागच्या बांकावरचा एक मुलगा उभा राहून ठामपणें सांगतो, ‘दोन पंचमांश.’ टाचणांत या उत्तराला जागा नाहीं. ‘चूक. दुसरें कोण सांगेल?’ पुढच्या बांकावरची एक मुलगी पांच षष्ठांश म्हणते, आणि पाठ पुढें सरकतो. भिंतीशीं बसलेले निरीक्षक प्राध्यापक आपल्या वहींत लिहितात: फलकलेखन सुबक, आवाज स्पष्ट, प्रश्नांचें वांटप सुधारावें.

या वर्गाच्या नेहमींच्या बाईंनीं आदल्या दिवशीं तें टाचण पाहिलें असतें, तर त्यांनीं सांगितलें असतें कीं, या वर्गांतील दहा-बारा मुलें अंशांत अंश आणि छेदांत छेद मिळवितात. तेव्हां दोन पंचमांश हें उत्तर येणारच. तें आलें म्हणजे मुलाला खालीं बसवूं नये, फळ्यावरच्या भाकरीकडे न्यावें. अर्धी भाकरी होती, तींत आणखी एक मोठा तुकडा घातला, आणि हातीं उरलें तें अर्ध्याहूनहि कमी. कारण दोन पंचमांश म्हणजे अर्धेंहि नाहीं. हें कसें झालें? एवढा एक प्रश्न टाकला असता, तर त्या मुलाची चूक हाच त्या दिवशींचा पाठ झाला असता. हें ज्ञान महाविद्यालयाच्या ग्रंथालयांत मिळत नाहीं. तें त्या बाईंजवळ असतें. आणि बाई त्या तासाला शिक्षकखोलींत पेपर तपाशीत असतात.

बाईंना दोष देणें सोपें आहे. वर्षभराच्या धांवपळींत एक तास मोकळा मिळाला, तो त्यांनीं घेतला. छात्राध्यापकाला मार्गदर्शन करण्याचें काम त्यांच्याकडे सोंपविलें खरें. पण त्यासाठीं वेळापत्रकांत जागा ठेवली होती काय? पाठ कसा पाहावा, पाठ संपल्यावर उमेदवाराशीं काय बोलावें, हें महाविद्यालयानें त्यांना बोलावून कधीं समजावून दिलें काय? कित्येक ठिकाणीं त्यांच्या हातीं येतो तो फक्त सहीचा कागद. ज्या व्यक्तीवर या सर्व व्यवहाराचा भार तोलला जावयाचा, तिला वेळ नाहीं, मान नाहीं आणि मोबदलाहि नाहीं, अशी ही स्थिति आहे. के-शटलवर्थचे ते ५ पौंड येथें आठवल्याशिवाय राहत नाहींत.

तरीसुद्धां एक गोष्ट बाईंना सोडतां येत नाहीं. वर्ग उसना दिला, तरी त्याची मालकी सुटत नाहीं. पहिल्या आठवड्यांत छात्राध्यापकानें मागें बसून पाहावें. मग एखादा स्वाध्याय करून घ्यावा, पांच-सहा मुलांचा गट सांभाळावा. मग तासाचा एक भाग, मग पूर्ण तास, आणि तो पेलला तर सबंध घटक, अशी ही कात्री हळूहळू त्याच्या हातीं यावी. ती केव्हां द्यावी आणि केव्हां क्षणभर परत घ्यावी, हें वर्गांत बसलेल्या माणसालाच कळतें. मात्र परत घेण्याचीहि रीत असते. मुलांदेखत ‘थांबा, तुम्हांला जमत नाहीं’ असें ज्याला एकदां ऐकावें लागलें, त्याला त्या वर्गांत पुन्हां उभें राहणें जड जातें.

निरीक्षक प्राध्यापकांची अडचण निराळी आहे. मार्ग दाखविणारे तेच आणि गुण देणारेहि तेच. गुण देणाऱ्यापुढें कोणी आपली अडचण उघडी करीत नाहीं. उलट ज्या दिवशीं ते येणार, त्या दिवसासाठीं सोपा घटक राखून ठेवतो. क्वचित् आदल्या दिवशीं त्याच पाठाची वर्गाकडून तालीमहि होते. मुलें अशा वेळीं मोठ्या समजूतदारपणानें वागतात. पाहुणे मागें बसले म्हणजे हात भराभर वर करावयाचे असतात, हें त्यांना कोणी शिकवावें लागत नाहीं. यावर उपाय अवघड नाहीं. कांहीं भेटी गुणांवांचूनच्या असाव्यात, आणि प्राध्यापकांनीं वहींत शेरा लिहिण्यापूर्वीं बाईंशीं दहा मिनिटें बोलावें.

मुख्याध्यापकांचा मोह मात्र जुना, इंग्लंडांतल्या त्या शाळांचाच. एखादे शिक्षक रजेवर गेले, कीं बदली तासाला छात्राध्यापकाला धाडावयाचें. एखाद्या वेळीं यांत वावगें नाहीं. शिक्षकाच्या आयुष्यांत असे तास यावयाचेच. पण विषय निराळा, वर्ग अनोळखी आणि जवळ कोणी नाहीं, अशा स्थितींत गोंगाट झाला आणि त्या तरुणाचा हात उठला, तर काय? २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमानें मुलांना शारीरिक शिक्षा व मानसिक छळ या दोहोंनाहि बंदी केली आहे. हात उगारणाऱ्याचा अपराध त्याच्या शिकाऊपणानें पुसला जात नाहीं. आणि त्याला तेथें एकटा पाठविणाऱ्यांनाहि त्यांतून अंग काढून घेतां येत नाहीं.

छात्राध्यापकाकडून अपेक्षा काय, हें थोडक्यांत सांगतां येईल. त्यानें वेळेवर यावें, टाचण एक दिवस आधीं दाखवावें, पहिल्या आठवड्यांत मुलांचीं नांवें शिकावीं, घेतलेल्या वह्या तपासून परत कराव्यात. मुलांच्या घरच्या ज्या गोष्टी कानीं येतील, त्या चहाच्या टेबलावर बोलूं नयेत. आणि जें येत नाहीं, तें विचारावें. हें शेवटचें सर्वांत कठीण, कारण गुणांची टांगती तलवार असतेच.

श्रोत्यांपैकीं ज्यांचीं मुलें अशा वर्गांत बसत असतील, त्यांनीं नव्या सरांच्या तक्रारी घरीं चघळण्यापेक्षां शाळेला एकच प्रश्न विचारावा: सर शिकवीत असतांना बाई कोठें असतात?

शेवटच्या दिवशीं बहुधा निरोपाचा समारंभ होतो. मुलें फुलें आणतात, फळ्यावर रंगीत अक्षरें काढतात, छायाचित्र निघतें. त्याच दिवशीं एक साधा कागद बाईंच्या हातीं जावयास हवा. कोणता भाग शिकवून झाला, कोणता राहिला, कोणाच्या वह्या पाहावयाच्या राहून गेल्या, आणि अजून दोन पंचमांश म्हणणारीं मुलें कोणकोणतीं, त्यांचीं नांवें. दुसऱ्या दिवशीं त्याच तासाला बाई वर्गांत शिरतात, तेव्हां त्यांना तेथूनच पुढें सुरुवात करावयाची असते.