आवड कोणाची, दुकानाची की आपली?



व्याख्यानमालेच्या चालकांनी बोलावले तेव्हा आम्ही त्यांना कळवले की, आम्ही अर्थशास्त्राचे पंडित नव्हे. आमची शाळा नववीला संपली. पुढचे शिक्षण झाले ते गिरणगावातल्या वाचनालयात आणि युनियनच्या कचेरीत. हल्ली आम्ही दुकानांतून काम करणाऱ्यांची संघटना बांधतो. तेव्हा गल्ल्याच्या दोन्ही बाजू पाहिलेला माणूस एवढ्याच नात्याने आमचे ऐकावे.

प्रश्न साधा आहे. आपण दुकानात जाऊन वस्तू निवडतो आणि म्हणतो, 'मला हीच आवडते.' ही आवड आपली, की दुकानाने लावलेली?

आमच्या घरचेच पाहा. आजी कोकणातली, भात खाणारी. मुंबईत 1943 साली रेशनिंग आले आणि दुकानात मिळेल ते धान्य शिजवणे भाग पडले. आजी गव्हाची चपाती नाइलाजाने शिकली. आमच्या पिढीला मात्र चपातीवाचून जेवल्यासारखे वाटत नाही. आजीचा नाइलाज ती नातवाची आवड झाली. दुकानाची सत्ता अशी चालते. ती हुकूम करीत नाही, सवय लावते.

चाळीखालच्या वाण्याचेही तसेच. वडील गिरणीत होते. महिनाभर माल वहीवर यायचा, पगाराला खाते चुकते व्हायचे. ज्याचे नाव वहीत असते त्याने तांदळातला खडा काढून दाखवायचा नसतो. वाणी जी चहापूड देई तीच आम्हाला गोड लागे, कारण दुसरी आम्ही चाखलीच नव्हती.

18 जानेवारी 1982 रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. आम्ही तेव्हा बारा वर्षांचे होतो. वाण्याने आठ महिने आमची वही बंद केली नाही. नंतर केली, कारण त्यालाही घाऊक बाजारात पैसे भरायचे होते. पुढे हाती चार पैसे आल्यावर आम्ही आईला सांगितले की, नायगावचा 'अपना बाजार' 1948 पासून कामगारांसाठीच चालला आहे, तिथे माल स्वस्त मिळतो. हिशेबही मांडून दाखवला. आई म्हणाली, "हिशेब मलाही येतो. पण त्या आठ महिन्यांचा आकडा तू कुठे धरलास?" ती अखेरपर्यंत त्याच वाण्याकडे गेली. गिऱ्हाईक केवळ भावावर ठरत नाही, हे आम्ही तेव्हा शिकलो. त्या दुकानाची पकडही होती आणि आधारही होता.

आता नव्या दुकानाकडे येऊ. लोअर परळला ज्या फिनिक्स गिरणीचा भोंगा वाजत असे, तिच्या आवारात आज मॉल उभा आहे. एकेकाळी जिथे कापड निघत असे, तिथे आता गिऱ्हाईक घडते, असे म्हटले तर फार चूक होणार नाही. या दुकानांची विद्या मात्र जुनी आहे. अमेरिकेत मेम्फिस शहरी 1916 साली क्लॅरेन्स सॉन्डर्स यांनी असे दुकान काढले की, गिऱ्हाइकाने आपल्या हाताने माल उचलावा. 1937 साली ओक्लाहोमा सिटीत सिल्व्हन गोल्डमन यांनी चाकांची ढकलगाडी आणली. हातातली टोपली जड झाली की माणूस थांबतो. गाडी जड होत नाही, म्हणून तो थांबत नाही. सारी मख्खी यातच आहे.

वाण्याकडे आपण मागत होतो आणि तो देत होता. इथे मागणे संपले, पाहणे सुरू झाले. आमचे सभासदच सांगतात की, रोज लागणारा जिन्नस आत खोलवर ठेवायचा, म्हणजे वाटेत इतर माल दिसतो. डोळ्यांसमोरचा कप्पा मोक्याचा. त्या जागेसाठी कंपन्या दुकानदाराला पैसे मोजतात. गोळ्या-चॉकलेटे बिलाच्या रांगेपाशी आणि पोराच्या हाताला येतील अशा उंचीवर. मग पोर हट्ट करते आणि आपण पोरावर चिडतो!

आम्हीही यातून सुटलो नाही. एका दुकानात किलोची साबणपूड 140 रुपयांना होती. शेजारी अर्ध्या किलोचे दोन पुडे एकत्र बांधून वर लाल पट्टी, 'फक्त 149'. आम्ही मोठ्या ऐटीत ते दोन पुडे घरी आणले. मंडळींनी पाहिले आणि म्हणाल्या, "नऊ रुपये त्या लाल पट्टीचे का?" आता पाकिटावर किलोमागे किंवा ग्रॅममागे किंमत छापण्याचा नियम झाला आहे. अक्षर बारीक असते, पण चष्मा लावून वाचावे.

परंतु आमच्या मते याहून मोठी सवय वेळेची. 1948 च्या दुकान कायद्याने दुकानाला आठवड्याची सुट्टी होती, बंद करण्याची वेळही ठरलेली होती. सोमवारी दुकान बंद, हे ठाऊक असलेली गृहिणी रविवारीच मीठ भरून ठेवी. कोणाचे काही अडले नाही. 2017 च्या नव्या कायद्याने दुकान बाराही महिने उघडे ठेवता येते. कामगाराला साप्ताहिक सुट्टी कायद्यात आहे. ती पदरात पाडून घेण्यासाठी आम्हाला भांडावे लागते. रात्री दहाला आपण सहज फेरी मारतो, तेव्हा बिल करणारी मुलगी दुपारपासून उभी असते. केरळातल्या दुकानांतील स्त्रियांना नुसते बसता यावे म्हणून लढावे लागले, तेव्हा 2018 साली तिथल्या कायद्यात बदल झाला. आता फोनवर दहा मिनिटांत माल दारात येतो. ती दहा मिनिटे कोणाच्या तरी पायांतून आणि मोटारसायकलीवरच्या जिवातून येतात. आपली सवय ही दुसऱ्याची पाळी असते, एवढे ध्यानात ठेवावे.

मग करावे काय? दुकानावर रुसून भागत नाही. इंग्लंडात रॉचडेल गावी 1844 साली 28 जणांनी, त्यांत कित्येक विणकर, पैसा पैसा जमवून दुकान उघडले. माल जेमतेम पीठ, लोणी, साखर, ओट आणि मेणबत्त्या. पण माल शुद्ध, माप पुरे, व्यवहार रोख आणि नफा सभासदांत, खरेदीच्या प्रमाणात. आपल्याकडे 1975 पासून मुंबई ग्राहक पंचायतीत शेजारची कुटुंबे एकत्र येतात, महिन्याची यादी घरी बसून करतात आणि घाऊक आणलेला माल वाटून घेतात. यातले मर्म यादीत आहे. यादी घरी झाली की निवड घरी होते. दुकानात झाली की निवड दुकानदाराची होते.

संप करण्याआधी कामगाराने आपली मागणी काय ते ठरवावे लागते. बाजारात शिरण्याआधी गिऱ्हाइकानेही तेच करावे. आपल्या गावचा वाणी टिकावा, दुकानातल्या मुलीला स्टूल मिळावे, भाव रास्त असावा, यांतले काय किती हवे ते घरात बसून बोलावे. आमच्या आईने एक आकडा जास्त धरला होता. तो आपणही धरावा, एवढे सांगून आम्ही रजा घेतो.