गच्चीवरील सूर्य व बाहेरची तार
(ज्युबिलीनिमित्त धर्मग्रामस्थांच्या सभेंत केलेलें भाषण)



आपल्या कांहीं सोसायट्यांनीं गच्चीवर वीज उत्पन्न करण्याचें मनांत आणिलें आहे. तद्विषयीं आम्हीं चार शब्द बोलावे अशी विनंति झाली.

पवनचक्कीचा नाद आरंभींच सोडावा हें बरें. शहरांत वारा वाहतो खरा. पण तो शेजारच्या भिंतींवर आपटून भोवरे घेत येतो, आणि त्याचा वेग निम्मा झाला कीं शक्ति अष्टमांशच उरते. लंडन येथें २०१० सालीं पुऱ्या झालेल्या स्ट्राटा नामक उंच इमारतीच्या माथ्यावर तीन चक्क्या बसविल्या. फिरण्यापेक्षां स्थिर उभ्या राहण्याबद्दलच त्यांचें नांव झालें. उन्हाचें तसें नाहीं. व्हॅटिकनमध्यें सहाव्या पॉलच्या नांवाच्या सभागृहावर २००८ सालीं सुमारें २,४०० सोलर पॅनेल बसविण्यांत आले. आपल्याकडे १ किलोवॅटास सुमारें १०० चौरस फूट जागा लागते, व दिवसाकांठीं सरासरीनें ४ युनिट मिळतात. पावसाळ्यांत बरेच कमी. दुपारीं उरलेली वीज बाहेरच्या तारेंत जाते, नेट मीटर तिची नोंद ठेवतो, आणि रात्रीं घेतलेल्या विजेंतून ती वजा होते. केंद्र सरकारनें फेब्रुवारी २०२४ मध्यें आरंभिलेल्या सूर्यघर योजनेंत एका घरास ३ किलोवॅटकरितां ७८,००० रुपये साहाय्य ठरविलें.

परंतु आम्हांस मुख्यतः सांगावयाचें तें निराळेंच आहे. कित्येकांची समजूत अशी कीं, पॅनेल बसला म्हणजे अंधाराची चिंता मिटली. बाहेरची वीज गेली कीं भर उन्हांतही आपला इन्व्हर्टर आपोआप बंद पडतो. सूर्य डोक्यावर आणि पंखा मात्र थांबलेला, म्हणून लोक रागावतात. पण त्याच वेळीं लाइनमन खांबावर चढलेला असतो. तारेंत प्रवाह नाहीं अशा भरंवशावर तो तीस हात लावितो. आपल्या गच्चीवरून त्या क्षणीं वीज तारेंत उतरली, तर त्याची बायकामुलें कोणाच्या तोंडाकडे पाहतील? सबब हें बंद पडणें यंत्राचा दोष नव्हे, तें त्याचें कामच आहे. कोणी कारागीर “थोडी युक्ति करून चालू ठेवतों” म्हणाला, तर त्यास जिन्यावरूनच परत पाठवावें. ज्यांच्या घरीं ऑक्सिजनच्या यंत्रावर कोणी आजारी असेल, त्यांनीं बॅटरी व बाहेरच्या तारेपासून घर तोडणारी स्वतंत्र व्यवस्था घ्यावी. खर्च वाढतो, पण येथें काटकसर नको.

राहिला प्रश्न गच्चीचा. ती वरच्या मजल्याची नव्हे, सर्वांची आहे. सुकट व पापड वाळविणाऱ्या भगिनींस आधीं विचारावें, नाहीं तर ठराव कागदावरच राहील! सामाईक लिफ्ट व पंप यांजकरितां त्याच योजनेंत किलोवॅटास १८,००० रुपये ठरविले होते. भांडण टाळण्यास तो मार्ग आम्हांस अधिक पसंत पडतो. पाण्याच्या टाकीची सावली एका पॅनेलावर पडली तरी त्यास जोडलेल्या इतरांचीही वीज घटूं शकते. तेव्हां डिसेंबरांत, सूर्य खालून जातो त्या दिवसांत, सकाळीं ९ व दुपारीं ३ वाजतां गच्चीवर जाऊन सावली खडूनें आंखून ठेवावी, आणि मगच कारागिरास बोलवावें.