मागच्या रांगेतून पुढे



आपली पहिली मराठी कुटुंबे साखर-इस्टेटीच्या कॅम्पातून निघून या गावात आली, त्याला शंभर वर्षे झाली. या प्रसंगी आम्हा महिलांच्या वतीने चार शब्द बोलावेत, असे समितीने सांगितले. आम्ही पाचजणी आहोत. दोघी शिक्षिका, एक परिचारिका, एक शिवणकाम करणारी, आणि एकीने आयुष्यभर भाजीचा मळा सांभाळला. सगळ्यांची पन्नाशी उलटली आहे. सहा वर्षांपूर्वीपर्यंत आमची जागा देवळात ठरलेली होती : मागची रांग, खांबाजवळ.

त्या वर्षी आपले बुवा वारले. त्यांच्या जोडीचे दोघे आधीच गेले होते, तिसऱ्यांचे गुडघे चालेनात. मुले कोणाची फ्रान्सला, कोणाची कॅनडात. गणेश चतुर्थी आली आणि आरती यंत्रावर लावावी लागली. सगळे हात जोडून उभे होते आणि एकाचेही तोंड हलत नव्हते. त्या रात्री आम्हाला झोप आली नाही.

पुढच्या सभेत विचारले गेले, आता पुढे कोण होणार? कोणी बोलेना. आपल्या लोकांत पुढे होण्याची हौस कमीच, आणि त्यालाही कारण आहे. 1834 पासून साडेचार लाखांहून अधिक माणसे करारावर या बेटावर आणली गेली. कामावर एक दिवस खाडा झाला तर दोन दिवसांची मजुरी कापत. त्याला डबल कट म्हणत. मजुरांच्या टोळीवर उभा असे तो सिरदार. आपल्यातलाच माणूस, पण मालकाच्या बाजूचा. आमच्या घरांत पुढारी म्हटले की सिरदारच आठवायचा. मुलांना शिकवण असे, मान खाली घालून काम कर, नजरेत येऊ नकोस. आम्ही ती शिकवण चांगली पाळली. वर्गात पस्तीस मुलांसमोर उभे राहताना आमचा आवाज खणखणीत असे. देवळात मात्र तो खांबामागून यायचा.

शेवटी आम्ही होकार दिला, तो धैर्याने नव्हे. दुसरे कोणी नव्हते म्हणून. हे आज प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे, कारण भाषणांत अशा गोष्टींना उगाच फुले लावली जातात.

सुरुवात वाईट झाली. चाल खूप वर धरली आणि दुसऱ्या कडव्यातच आवाज फाटला. पोरे हसली. एका वडीलधाऱ्या काकांनी सर्वांसमोर सांगितले की आरतीचे ताट पहिल्यांदा बाईने हातात घ्यावे, हे त्यांना पटत नाही. आमच्यातली एक दोन आठवडे देवळात आली नाही. मग एका गुरुवारी तेच काका सरावाला आले. काही न बोलता मागे बसले आणि झांज वाजवू लागले. उच्चाराच्या चुका ते अजून काढतात, आणि बहुतेक वेळा त्यांचेच बरोबर असते.

पण खरी अडचण वेगळीच होती, आणि तीच सांगायला आज उभे आहोत. मागच्या रांगेत आम्ही डोळे मिटून गात असू. घर, शाळा, औषधे, सगळे विसरायला होई. त्यालाच आम्ही भक्ती समजत होतो. पुढे उभे राहिले की डोळे मिटता येत नाहीत. समईत तेल आहे का, मृदंगावरचा मुलगा घाई करतो आहे का, कोणत्या मुलीला शब्द येत नाहीत, कोणती आजी केव्हाची उभी आहे, हे सारे पाहावे लागते. पहिले वर्ष आम्हाला वाटे, नेतृत्व मिळाले आणि देव हातचा गेला.

मग एका संध्याकाळी आरती चालू असताना एक चिमुरडी आमच्या ओठांकडे एकटक बघत होती. घरी ती क्रिओलच बोलते. आमचे ओठ जसे हलत तसे ती हलवत होती, अर्ध्या श्वासाने उशिरा. आम्ही लय थोडी सावकाश केली. तेवढेच. पण त्या क्षणी मन जसे शांत झाले तसे डोळे मिटून कधी झाले नव्हते. जुनी शांती आम्हाला आजही आठवते, खोटे का बोलावे? पण आता तिच्यासाठी खांबाकडे परत जावेसे वाटत नाही.

गेल्या वर्षी आम्ही मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जाऊन जुन्या नोंदी पाहिल्या. आमच्यापैकी एकीच्या पणजीची नोंद मिळाली : क्रमांक, नाव, बापाचे नाव, गाव, उंची. गावाचे नाव लिहिणाऱ्याला जसे ऐकू आले तसे लिहिलेले; रत्नागिरी मात्र ओळखू येते. ती जात्यावर बसली की शेजारच्या बायका तिच्यामागे ओव्या म्हणत, असे घरात सांगतात. नोंदीत त्यासाठी रकाना नाही.

ओव्यांच्या त्या चालींपैकी तीन आम्हाला आठवतात, चौथी अर्धी. ज्या घरात कोणाला उरलेली अर्धी येत असेल त्यांनी गुरुवारी साडेपाचला देवळात यावे. या चतुर्थीला आरतीची सुरुवात ती चिमुरडी करणार आहे. ती आता चौथीत आहे आणि चाल फार वर धरते. आम्ही तिच्या मागे उभ्या असू.